वाचकावाचून अडणाऱ्या कथा

ज्या दिवसांत आपल्याकडे भातखाचरे पिवळी पडू लागतात आणि दिवाळी अंक छापखान्यातून निघून दुकानांत दिसू लागतात, जवळपास त्याच दिवसांत इंग्रजीभाषक जगात दरवर्षी एक वाङ्मयीन स्पर्धा भरते, आणि तिची वार्ता आपल्या मराठी वाचकवर्गापर्यंत अद्याप फारशी पोहोचलेली नाही, ही मला खेदाची गोष्ट वाटते. सप्टेंबरच्या आरंभी (२०२३ पर्यंत ऑक्टोबरच्या आरंभी) साठ, सत्तर, क्वचित शंभराहूनही अधिक नव्या कथा एकाच दिवशी लोकांपुढे ठेवल्या जातात; त्या कोणीही विनामूल्य वाचाव्यात, वाचून त्यांस गुण द्यावेत, आणि सुमारे सहा आठवड्यांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास, निकाल जाहीर व्हावा, असा शिरस्ता आहे, आणि ही स्पर्धा १९९५ पासून अव्याहत चालू आहे. स्पर्धेचे नाव 'इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन'. तिच्या परिवारातील माणसे तिला 'आयएफकॉम्प' या आटोपशीर नावाने ओळखतात. या कथा संगणकावर वाचावयाच्या असतात, परंतु संगणकी खेळ म्हटले की जी चित्रे, जी धावपळ आणि जो गोळीबार डोळ्यांपुढे उभा राहतो त्याचा येथे बहुधा मागमूस नसतो. असते ते गद्य, आणि त्या गद्याची अट एवढीच, की वाचकाने काही केल्यावाचून ते पुढे सरकावयाचे नाही.

ही अट म्हणजे काय ते उदाहरणाने सांगणे बरे, आणि उदाहरण आमच्या कर्जत तालुक्यातलेच घेतो. समजा, पडद्यावर असा मजकूर उमटला: पाऊस ओसरला आहे, कोंदिवड्याहून राजमाचीकडे चढणारी वाट तुमच्या पायांखाली आहे, खाली उल्हास नदीचे खोरे, वर झाडीने अर्धवट झाकलेली कोंढाणे लेण्यांची कमान, आणि कमानीवरच्या कड्यावरून पाण्याची धार पडते आहे. एवढे सांगून कथा थांबते, आणि रिकाम्या ओळीवर एक लहानशी खूण लुकलुकत राहते. आता वाचकाने लिहावयाचे: 'कमानीकडे जा'. लागलीच नवा मजकूर येतो, की धारेखालून जाताना तुम्ही भिजलात, चैत्यगृहात अंधार आहे, आणि डाव्या हातास एका भग्न मूर्तीजवळ काही अक्षरे कोरलेली दिसतात. 'अक्षरे वाच' असे लिहिले तर उत्तर मिळते, की या उजेडात ती लागत नाहीत. पिशवीत विजेरी आहे हे ज्याने आधीच पाहून ठेवले असेल तो ती लावील. ज्याने पाहिले नसेल तो चाचपडेल. आणि एखादा वाचक अक्षरांचा नाद सोडून परत फिरेल व धारेखाली नुसता उभा राहील, तर चांगल्या लेखकाने त्याही वाचकासाठी दोन वाक्ये लिहून ठेवलेली असतात. त्या दोन वाक्यांत या कलेचे मर्म आहे, असे मी मानतो. शंभरातील नव्व्याण्णव वाचक जिकडे फिरकणार नाहीत तिकडचेही वर्णन तितक्याच निष्ठेने करून ठेवणे, ही या लेखकाची नित्याची मेहनत होय. (प्रत्यक्ष कोंढाण्यास ती अक्षरे खरोखरीच आहेत, कान्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असे तो ब्राह्मी लेख सांगतो. इसवी सनापूर्वीच्या एका कारागिराचे नाव आमच्या तालुक्यात दगडावर टिकून आहे, ही गोष्ट येथल्या शाळकरी मुलांना आवर्जून दाखविण्यासारखी आहे.)

उदाहरण लेण्यातले घेतले ते निष्कारण नव्हे, कारण या प्रकाराचा जन्मच मुळी गुहेत झाला. विल क्राउदर हा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे एका संशोधन-कंपनीत संगणकाचे काम करणारा गृहस्थ; आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप जे अर्पानेट, त्याच्या उभारणीत त्याचा वाटा होता. कामाच्या वेळेबाहेर तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह परिसरातील गुहांत उतरत, त्यांची मोजमापे घेत आणि नकाशे तयार करीत. १९७२ च्या सप्टेंबरात फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन विशाल गुहाजालांना जोडणारी भूमिगत वाट ज्या तुकडीने शोधून काढली तीत पॅट्रिशिया होती. पुढे हा संसार मोडला. मुली दुरावल्या आहेत ही व्यथा क्राउदरच्या मनात होती, आणि त्या भेटीस येतील तेव्हा त्यांना खेळावयास काही असावे म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने आपल्या ओळखीच्या गुहेचे वर्णन संगणकात उतरविले, त्यात थोडी अद्भुताची भर घातली, आणि खेळणाराने एकदोन शब्दांत साध्या भाषेत आज्ञा द्याव्यात अशी सोय केली. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स याने क्राउदरची संमती घेऊन तो खेळ वाढविला, आणि 'ॲडव्हेंचर' या नावाने तो विद्यापीठांच्या संगणकांवर वणव्यासारखा पसरला. यांत्रिक कुतूहलापोटी नव्हे, तर दुरावलेल्या मुलींशी बोलण्याच्या इच्छेतून या वाङ्मयप्रकाराचा पहिला शब्द लिहिला गेला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढील साऱ्या इतिहासात जी आत्मीयता आढळते तिचे बीज येथेच पडले असावे.

नंतरचा व्यापारी अध्याय थोडक्यात आटोपतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील काही तरुणांनी १९७७ मध्ये 'झॉर्क' हा खेळ रचला, १९७९ मध्ये 'इन्फोकॉम' ही कंपनी काढली, आणि पुढील काही वर्षे शब्दांचे हे खेळ दुकानांतून उत्तम खपले. १९८४ साली डग्लस ॲडम्स या इंग्रज विनोदी लेखकाने आपल्याच कादंबरीवरून त्यांच्यासाठी एक खेळ सहकार्याने लिहिला. परंतु संगणकाचा पडदा चित्रे दाखवू लागला तशी गिऱ्हाइकांची नजर तिकडे वळली. १९८६ मध्ये 'इन्फोकॉम' दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली, आणि १९८९ मध्ये तिचे दप्तर बंद झाले. व्यापाराच्या हिशेबाने हा प्रकार तेथे संपला.

तो संपला नाही याचे श्रेय ज्यांना त्यातून कवडीचीही प्राप्ती नव्हती अशा हौशी लोकांकडे जाते. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला ग्रॅहॅम नेल्सन, जो गणितज्ञ होता आणि कवीही होता, त्याने १९९३ मध्ये 'इन्फॉर्म' नावाची रचना-पद्धती तयार केली, आणि तिच्या साह्याने कोणाही चिकाटीच्या माणसास 'इन्फोकॉम'च्या तोडीचा कथाखेळ घरबसल्या लिहिता येऊ लागला. मायकेल रॉबर्ट्स याची 'टॅड्स' ही दुसरी पद्धती तिच्याही आधीपासून होती. साधने होती, वाचक होते, पण कथा विरळ. कारण एकेक कथाखेळ रचावयास वर्षानुवर्षे लागत आणि तो सोडवावयास महिने. या कोंडीवर केव्हिन विल्सन याने १९९५ मध्ये उपाय काढला तो स्पर्धेचा: लहान कथा लिहा, एका बैठकीत वाचून होतील एवढ्याच लिहा, आणि वाचकांनीच त्यांचा निवाडा करावा. पहिल्या वर्षी इन्फॉर्म आणि टॅड्स असे दोन स्वतंत्र विभाग होते आणि प्रवेशिका अवघ्या बारा आल्या. इन्फॉर्म विभागात अँड्र्यू प्लॉटकिन याची 'अ चेंज इन द वेदर' आणि टॅड्स विभागात मॅग्नस ओल्सन याची 'अंकल झेब्युलन्स विल' पहिली आली. दुसऱ्या वर्षापासून विभाग एकत्र झाले. पंचवीस वर्षांनी, २०२० मध्ये, प्रवेशिकांची संख्या १०३ वर गेली होती.

आता नियम पाहू. स्पर्धेचा आत्मा मला तिच्या नियमांतच दिसतो. परीक्षकमंडळ नाही. ज्यास वाचता येते तो परीक्षक. लेखकांच्या पंक्तीत बसण्याचा दाखला कोणी मागत नाही. परीक्षकाने किमान पाच कथा वाचून त्यांस एक ते दहा असे गुण द्यावेत, आणि कोणतीही कथा अधिकात अधिक दोन तास वाचून गुण मुक्रर करावेत. पुढे वाचावयाचे तर खुशाल वाचावे, परंतु दोन तासांनंतर गुण बदलू नयेत. प्रवेशिका पूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेली नसावी. एवढ्या मोजक्या कलमांवर तीस वर्षांचा व्यवहार चालला आहे.

दोन तासांची ही मर्यादा कर्जतच्या माणसास निराळी समजावून सांगावयास नको. येथून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १०० किलोमीटरांवर आहे, आणि लोकलने तेथे पोहोचावयास साधारण तेवढाच वेळ लागतो. खोपोलीकराचा आणखी थोडा अधिक. रोज सकाळी बसावयास जागा मिळविणारा नोकरदार एका बाजूच्या प्रवासात जेवढे वाचन करू शकतो तेवढ्यात आदि, मध्य आणि अंत बसविणे, हे या लेखकांपुढील आव्हान असते. बंधनामुळे कला खुरटते असे मानणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पुरुषोत्तम करंडक सुरू केला, आणि ठरावीक वेळेत पडदा पाडण्याच्या त्या सक्तीने मराठी एकांकिकेस जो बांधेसूदपणा आला तो आपल्या परिचयाचा आहे. येथेही तेच घडले. दीर्घ, अवघड कोड्यांच्या भुलभुलैयातून कथाखेळ बाहेर आला आणि त्याने लघुकथेची एकाग्रता धरली.

पारितोषिकांची तजवीजही लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वापार पद्धत अशी, की चाहत्यांनी आपल्याकडील काही वस्तू, पुस्तके, खाद्यपदार्थ किंवा स्वहस्ते केलेल्या चिजा इनामादाखल देऊ कराव्यात, आणि निकालानंतर पहिल्या क्रमांकाने त्या ढिगातून प्रथम निवड करावी, दुसऱ्याने नंतर, याप्रमाणे यादी खाली उतरत जावी. २०१७ पासून 'कलॉसल फंड' या नावाने वर्गणीचा निधीही जमविला जातो, आणि तो केवळ विजेत्यास न देता यादीतील वरच्या दोन-तृतीयांश लेखकांत उतरत्या प्रमाणात वाटला जातो. निधीचे नाव क्राउदरच्या गुहेवरूनच आले आहे. यांखेरीज दोन बहुमान असे आहेत की त्यांच्या कल्पकतेस मी मनापासून दाद देतो. एक, स्पर्धक लेखकांनी स्वतःच्या मतांनी आपल्यांतील एका कथेस दिलेला; म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी केलेला गौरव. दुसरा, 'गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड', अर्थात कलहाचे सुवर्णकदली-फळ: ज्या कथेस काहींनी दहा आणि काहींनी एक गुण दिला, जिच्याविषयी मते सर्वांत अधिक पांगली, तिला हा मान मिळतो. सरासरीने निवाडा करणाऱ्या प्रत्येक पद्धतीत धाडसी कृती मध्येच कोठेतरी गाडली जाते. या लोकांनी ते ओळखले आणि मतभेदालाच सन्मानाचे आसन दिले. आपल्या एखाद्या नाट्य-मंडळाने किंवा कथास्पर्धेने ही प्रथा उचलावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आणि कथा? सर्वांचा परामर्श घेणे शक्य नाही. काहींपाशी मात्र थांबलेच पाहिजे. १९९८ ची विजेती 'फोटोपिया' ॲडम केडर याने टोपणनावाने पाठविली होती. त्यापूर्वी कथाखेळ म्हणजे कुलूप आणि किल्ली, अडसर आणि युक्ती, असा समज दृढ होता. केडरने कोडी जवळजवळ काढून टाकली. वाचक कधी एका माणसाच्या डोळ्यांनी पाहतो, कधी दुसऱ्याच्या. एक मुलगी एका लहानगीस गोष्ट सांगते आहे आणि त्या गोष्टीतही वाचकालाच चालावे लागते. तुकडे हळूहळू जुळतात आणि ध्यानात येते, की एक भीषण घटना आपण काहीही केले तरी टळणार नव्हती. आज्ञा देण्याचे स्वातंत्र्य हाती असूनही काही करता न येणे, ही जी हतबलता, ती छापील पानावर लेखक वर्णन करू शकतो. येथे ती वाचकाच्या स्वतःच्या बोटांस जाणवते. पुष्कळांनी हिला कथाच म्हणावे, खेळ म्हणू नये, असा वाद घातला. परंतु त्या वर्षापासून या प्रकाराची क्षितिजे रुंदावली, हे वाद घालणाऱ्यांनाही नाकारता आले नाही.

याउलट २००७ ची 'लॉस्ट पिग'. ग्रंक नावाचा एक भोळा राक्षस शेतावर राखणदारीस आहे, त्याच्या हातून डुक्कर सुटले आहे, आणि ते शोधावयाचे आहे; बस, एवढाच विषय. पण सारे निवेदन ग्रंकच्या मोडक्यातोडक्या भाषेत आहे, आणि वाचक जे जे करू म्हणेल, मग ते कितीही वेडगळ असो, त्यास ग्रंकच्या तोंडून समर्पक उत्तर मिळते. पुढल्या वर्षीच्या 'व्हायोलेट'मध्ये एका विद्यार्थ्यास प्रबंधाचे हजार शब्द लिहावयाचे आहेत आणि खोलीतील प्रत्येक वस्तू त्याचे चित्त विचलित करते. निवेदन करणारा आवाज त्याच्या प्रेयसीचा आहे, जी तेथे नाही, जिला तो मनात ऐकतो आहे. २०२० मध्ये लिनस ओकेसन या स्वीडिश लेखकाच्या 'द इम्पॉसिबल बॉटल'ने पहिला मान मिळविला. एक लहान मुलगी, घरी पाहुणे यावयाचे, आणि घरात एक बाहुलीघर, एवढ्या घरगुती साहित्यातून त्याने जी करामत साधली तिचा खुलासा येथे करणे म्हणजे वाचकाचा हक्क हिरावणे होईल.

समाज म्हटला की वाद आलाच. क्रिस क्लायमस याने २००९ मध्ये 'ट्वाइन' हे विनामूल्य साधन प्रसिद्ध केले, आणि त्याच्या योगाने आज्ञा टंकण्याऐवजी पडद्यावरील दोनचार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवून पुढे जाणाऱ्या कथा लिहिणे अत्यंत सोपे झाले; संगणकाची विद्या मुळीच नसलेले अनेक नवे लेखक, विशेषतः ज्यांचे अनुभव वाङ्मयाच्या रूढ दालनांत क्वचित शिरत असे लेखक, या वाटेने आत आले. जुन्या पठडीतील काहींस हे रुचले नाही. टंकलेल्या आज्ञेत वाचकाला शोध घ्यावा लागतो, पर्यायांच्या कथेत लेखकाने आधीच सांगून टाकलेले असते, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. तथापि स्पर्धेने दोन्ही प्रकारांस एकाच यादीत, एकाच नियमांनी स्थान दिले. माझ्या मते तो निर्णय योग्य होता. कारण पर्याय कोणते दाखवावेत आणि कोणते दडवावेत यातही लेखकाची नीती आणि कला कसास लागते.

पण या समाजाचे खरे वैभव कथांपेक्षा कथांभोवतीच्या परिश्रमांत आहे. कोणतीही जबाबदार प्रवेशिका चाचणी-वाचकांच्या हातून गेल्याविना पुढे येत नाही. हे लोक कथेत शिरून दार खावयाचा प्रयत्न करतात, नदीस प्रश्न विचारतात, जिन्यावर चढण्याऐवजी जिना उचलू पाहतात, आणि कथा कोठे मुकी झाली, कोठे खोटे बोलली, याची टिपणे लेखकास पाठवितात. त्यांची नावे कथेच्या श्रेयनामावलीत कृतज्ञतापूर्वक नोंदलेली असतात. मग सप्टेंबर उजाडला की परीक्षणे सुरू होतात. एका कथेचे नव्हे, तर यादीतील प्रत्येक कथेचे परीक्षण लिहावयाचे असा संकल्प सोडणारी माणसे दरवर्षी निघतात, आणि तळाच्या क्रमांकावर जाणाऱ्या नवशिक्यासही कोणीतरी आपली कथा शब्दशः वाचली, अमुक वाक्य आवडले आणि अमुक ठिकाणी वाट हरवली, हे कळते. एकेकाळी गुणदानाच्या काळात लेखकांनी आपल्या कथेविषयी जाहीर चकार शब्द काढू नये असा दंडक होता. पुढे तो शिथिल झाला. आपल्याकडे पारितोषिकांची वाण नाही, परंतु पारितोषिक न मिळालेल्या नव्वद जणांना काळजीपूर्वक लिहिलेला एकेक परिच्छेद मिळावा, ही व्यवस्था आपण कोठे उभारली आहे? लेखक घडतो तो त्या परिच्छेदाने, अशी माझी दृढ समजूत आहे.

व्यवस्थापनही हौशीच. स्टीफन ग्रनेड या भौतिकशास्त्रज्ञाने दशकाहून अधिक काळ हा भार एकहाती वाहिला. २०१६ मध्ये 'इंटरॅक्टिव्ह फिक्शन टेक्नॉलॉजी फाउंडेशन' ही धर्मादाय संस्था स्थापन झाली आणि स्पर्धा तिच्या छत्राखाली आली. या संस्थेने दृष्टिहीन व अन्य अपंग वाचकांस कथाखेळ कितपत सुलभ आहेत याची पद्धतशीर पाहणी करून २०१९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यामागे कारण आहे. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या साधनांमुळे शब्दांचे हे खेळ अंध वाचकास इतरांच्या बरोबरीने खेळता येतात, आणि चित्रांच्या खेळांनी ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांनी या प्रकारावर दीर्घकाळ प्रेम केले आहे.

मराठीत हे का नाही? आपल्या परंपरेस श्रोत्याच्या उत्तरावर अडणारी रचना अपरिचित नाही. रायगड-रत्नागिरीच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एका पक्षाने पद्यात सवाल टाकावा आणि दुसऱ्याने त्याचा जबाब द्यावा, हा क्रम रात्रभर चालतो. अडचण आहे ती यंत्रास मराठी समजावून देण्याची, आणि ती खरी अडचण आहे. इंग्रजीत नाम वाक्यात कोठेही आले तरी बहुधा आहे तसेच राहते, त्यामुळे यंत्रास ते ओळखणे सोपे. मराठीत शब्दयोगी अव्यय किंवा विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नाम स्वतःच रूप पालटते: घोडा, पण घोड्यावर, विहीर, पण विहिरीत, दिवा, पण दिव्याने. वाचकाने 'दोराने विहिरीतली घागर काढ' असे लिहिले, तर यंत्राने सामान्यरूपावरून मूळ नामाकडे उलट प्रवास करावा लागेल, आणि तेच शब्द 'विहिरीतली घागर दोराने काढ' या क्रमाने आले तरी गोंधळता कामा नये. हे अशक्य नव्हे. विभक्तींनी भरलेल्या जर्मन आणि रशियन भाषांसाठी 'इन्फॉर्म'ची रूपांतरे झालेली आहेत.

त्याहून नाजूक प्रश्न संबोधनाचा. इंग्रजी निवेदक वाचकास उद्देशून बोलतो तेव्हा समोर पुरुष आहे की स्त्री, थोर आहे की पोर, हे त्यास जाणून घ्यावे लागत नाही. मराठी निवेदकास 'तू गेलास' की 'तू गेलीस' हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. 'तुम्ही' म्हणून सुटका करून घ्यावी तर 'गेलात'पाशी निभावते, पण 'तुम्ही उभे' की 'उभ्या' हा पेच उरतोच. मला तरी यात संकटाहून संधी अधिक दिसते. कथेच्या प्रारंभी परक्याच्या आदराने 'आपण' म्हणणारा आवाज पुढे ओळख वाढता वाढता 'तू'वर आला, किंवा एखाद्या पात्राने वाचकास 'अहो' म्हणावयाचे एकाएकी सोडून दिले, तर त्या एका बदलात जे नाट्य आहे ते इंग्रजी लेखकास कितीही प्रयास करून साधणार नाही.

विषयांची तर आमच्या मुलखात चणचण नाही. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची मोगली फौज घाट उतरून त्या अरुंद, दाट झाडीच्या वाटेत शिरली, आणि शिवाजी महाराजांनी तिला दोन्ही बाजूंनी कोंडले. खानाबरोबर रायबागन ही स्त्री-सरदार होती. तिच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि चीजवस्तू मागे ठेवून वाट मागून घेतली. या प्रसंगावर कथाखेळ लिहावयाचा तर वाचकास महाराजांच्या भूमिकेत बसविण्याचा मोह मी टाळीन. वाचक असावा खानाच्या लष्करातील एखादा पाणक्या. मोगली लष्कर हरणार हे इतिहासाने मुक्रर केले आहे, ते तो बदलू शकत नाही. पण पखालीतले उरलेले पाणी कोणास द्यावे, झाडीत काही हालले ते जमादारास सांगावे की न सांगावे, आणि सुटकेच्या वेळी कोणाचा हात धरावा, हे त्याच्या हाती आहे. 'फोटोपिया'ने जे शिकविले ते येथे उपयोगी पडेल.

ज्यास आरंभ करावयाचा आहे त्याने प्रथम वाचावे. यंदाच्या स्पर्धेतील कोणत्याही पाच कथा निवडाव्यात. बऱ्याचशा साध्या मोबाइलवरही उघडतात. गुण द्यावेत, आणि प्रत्येकीवर दहा ओळी लिहून ठेवाव्यात. लिहिण्यासाठी 'ट्वाइन' घ्यावे. त्यात देवनागरी मजकूर विनासायास बसतो, तयार झालेली कथा एकाच फाइलीत मावते, आणि यंत्रास व्याकरण शिकविण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही, कारण वाचक टंकत नाही, निवडतो. इंग्रजी स्पर्धेत मराठी कथेस वाचक मिळणार नाहीत हे उघड आहे; म्हणून फ्रेंच भाषकांनी आपली निराळी वार्षिक स्पर्धा चालविली, तसे आपणही करावे. पहिल्या वर्षी बारा कथा कशाला, कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून सहा आल्या तरी पुरेत. एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने त्या विजयादशमीस लोकांपुढे ठेवाव्यात, त्रिपुरी पौर्णिमेस निकाल लावावा, प्रत्येक लेखकास निदान तीन वाचकांचे लेखी अभिप्राय मिळतील अशी तरतूद करावी, मतभेदाचे पारितोषिक पहिल्याच वर्षापासून ठेवावे, आणि दोन तासांचे कलम मात्र आहे तसेच उचलावे.